मऊ चोचीची पिल्लं

बाई गेल्या त्या सकाळी मी ऊर्जानगरच्या आमच्या क्वार्टरच्या गॅलरीत दोरीवरचे कपडे झटकत होते. आमच्या इथं कपडे वाळले की घडी घालायच्या आधी झटकावे लागतात, त्यांच्यावर वीज केंद्राची बारीक राख बसलेली असते. गॅसवर बाईंसाठी मऊ भात शिजत होता. तो डब्यात भरून मला चंद्रपूरच्या दवाखान्यात जायचं होतं. रात्री माझे यजमान विलास त्यांच्याजवळ राहिले होते. फोन वाजला तेव्हा मला वाटलं, डब्यासोबत आणखी काही आणायला सांगत असतील.

"मंदा... बाई बोलून नाई राह्यली," ते म्हणाले.

"झोपल्या असतील जी," मी म्हटलं. पलीकडून दवाखान्यातल्या गाड्यांच्या चाकांचा आवाज तेवढा ऐकू येत राहिला. मग ते म्हणाले, "तू ये." एवढंच. मी गॅस बंद केला, पायात चपला घातल्या, आणि खाली उतरल्यावर लक्षात आलं की डबा भरून हातात घेतलेला आहे. कसा भरला, कधी भरला, आठवत नाही.

ऑपरेशन चांगलं झालं होतं. मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं होतं, ते बसवलं होतं, वॉकर धरून चालवू असं डॉक्टर म्हणाले होते. रक्ताची गाठ फुप्फुसात गेली असावी, असं नंतर सांगितलं. आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसले होते तेव्हा त्या स्वतःच्या पायाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. खिडकीबाहेर पाऊस लागला होता, आणि त्यांना घोर होता तो गावाकडं टर्कीच्या पिल्लांसाठी अंथरून ठेवलेल्या धानाच्या कोंड्याचा. त्या म्हणाल्या, "मंदा, थ्या खोलीतला तूस ओला झाला असन. पाऊस इकडूनच मारते." मी म्हटलं, "बाई, पिल्ले याले टाइम हाये अजून. तूस बदलवू आपन." त्यांनी मान हलवली, पण त्यांचं समाधान झालेलं नव्हतं. जरा वेळानं पुन्हा म्हणाल्या, "न थे आले अन् मी इथीच राह्यली तं?" माझं त्यांच्याशी झालेलं हे शेवटचं बोलणं. त्याला मी काय उत्तर दिलं तेही धड आठवत नाही. काहीतरी दिलं असेल, घाईघाईनं, ऊर्जानगरला परतायची बस चुकू नये म्हणून.

सुमित्राबाई माझ्या नणंद, विलासच्या थोरल्या बहीण. घरातच काय, सगळ्या गावात त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. गाव मूलच्या पलीकडे, सिंदेवाहीच्या रस्त्यावरून आत गेलं की. घर तलावाच्या पाळीला लागून. पिढ्यान्‌पिढ्या मासोळी धरणारं घर, सोबत धानाचा एक लहानसा तुकडा. विलास अंगावर पीत होते तेव्हाच सासूबाई गेल्या, आणि परकऱ्या वयाच्या बाईंनी भावाला वाढवलं. पुढं त्यांचं लग्न झालं, नवरा तापानं गेला, त्या परत माहेरी आल्या त्या कायमच्याच. मी लग्न होऊन आले तेव्हा मनातून फार घाबरले होते. माझं माहेर वैनगंगेच्या काठचं, गडचिरोलीकडचं. मासोळीचा वास मला नवा नव्हता, पण आईच्या जागी असलेली नणंद म्हणजे काय प्रकरण असेल याचा मला अंदाज नव्हता. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुले पोहता येते का?" मी हो म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. मला नंतर कळलं की तलावाकाठच्या घरात येणारी सून बुडून मरेल, या काळजीनं त्या लग्न ठरल्यापासून झोपल्या नव्हत्या.

काळजी हा बाईंचा स्वभाव होता असं म्हणणं कमी पडेल. दुसरी माणसं जसा श्वास घेतात तशी त्या काळजी करत. विलासना वीज केंद्रात नोकरी लागली आणि आम्हाला ऊर्जानगरला क्वार्टर मिळालं, तेव्हा त्या आम्हाला सोडायला आल्या. उतरल्या उतरल्या त्यांनी मान वर करून वीज केंद्राच्या धुराड्यांकडे, त्या उंच चिमण्यांकडे पाहिलं आणि विलासना विचारलं, "हे पडली तं कुठी पडन?" विलास हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी रस्त्यात उभं राहून अंदाज घेतला, आमचं क्वार्टर कुठं आहे ते पाहिलं, आणि मगच पाणी प्यायल्या.

टर्कीच्या नादी त्या लागल्या त्याला फार वर्षं झाली नाहीत. तलावात बेशरमाची झुडपं माजली होती, मासोळी कमी निघू लागली होती. शेळ्या ठेवल्या तर बिबट दिवसाढवळ्या घरामागच्या सांदवाडीतून घेऊन गेला. त्या सुमारास मोहर्लीच्या एका रिसॉर्टचा खानसामा झिंगे न्यायला गावात येत असे. वर्ष संपताना जंगल पाहायला येणारे पाहुणे टर्की मागतात आणि ती नागपूरहून आणावी लागते, असं तो बोलता बोलता म्हणाला. बाईंनी तोवर टर्की पाहिलीही नव्हती. चंद्रपूरच्या कृषी प्रदर्शनात मी त्यांना दाखवायला नेलं. जाळीमागचा नर पिसं फुलवून, मान लाल-निळी करून घुमत होता. बाई बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "हा पक्षी नोहे वो मंदा, नवरदेव होय." त्या दिवशी परतीच्या बसमध्ये त्या स्वतःशीच हसत होत्या. मी त्यांना इतकं निश्चिंत क्वचितच पाहिलं आहे.

वर्षअखेरीस पक्षी तयार हवा असेल तर पिल्लं पावसाळ्यात आणावी लागतात, आणि पावसाळा हा पिल्लांचा वैरी. हे त्यांना कळलं तेव्हा पिल्लं घरात आलेली होती. टर्कीचं पिल्लू कोंबडीच्या पिल्लासारखं हुशार नसतं. दाणा समोर असून उपाशी मरतं, पाणी समोर असून तहानेनं मरतं. त्याला शिकवावं लागतं. भांड्यात काही चकाकणारं ठेवा म्हणजे चोच मारतील, असं कुणीसं सांगितलं होतं. बाईंकडे काचेची बांगडी असण्याचा प्रश्न नव्हता. त्यांनी माझ्या हातातल्या हिरव्या बांगड्यांकडे पाहिलं आणि मी त्या काढून दिल्या. पाण्याच्या उथळ थाळीत माझ्या बांगड्या, आणि भोवती ती पिवळसर, मोठ्या डोळ्यांची पिल्लं टकटक चोची मारताहेत... चोच मारता मारता पाणी घशाखाली उतरलं की बाई "पेलं, पेलं" म्हणून मला सांगायच्या. जे पिल्लू पीत नसे त्याची चोच हलकेच पाण्यात बुडवायच्या. खोलीत पत्र्याचा गोल केलेला, वर बल्ब, खाली धानाचा तूस. त्यांची बाजही तिथंच, पिल्लांजवळ.

पिल्लं तीनेक आठवड्यांची झाली असतील. एका सकाळी त्यांचा फोन आला. "मंदा, एक बसून राह्यलं." मी म्हटलं, "थकलं असन." दुपारी पुन्हा फोन. "दुसरं बी बसलं. चालते अन् बसते. गुडघ्यावर चालून राह्यलं वो..." संध्याकाळपर्यंत त्यांचा आवाज इतका पातळ झाला होता की विलास म्हणाले, तू जा, नाहीतर ती आजारी पडेल. दुसऱ्या दिवशी मी गेले.

खोलीत शिरले तर बाई जमिनीवर बसलेल्या, मांडीवर एक पिल्लू, आणि त्या त्याचे पाय सरळ करून पाहताहेत. पाय सोडले की ते पुन्हा खाली बसायचं. उभं राहायला बघायचं, थरथरायचं, बसायचं. पंख पसरून तोल सांभाळायचं. ओरडत मात्र नव्हतं, आणि तेच मला बघवत नव्हतं. "चुना कमी पडला म्हनतेत," बाई म्हणाल्या, "म्हनून मी तं भरपूर देऊन राह्यली." तलावातले शिंपले आणून, भाजून, कुटून त्या पिल्लांच्या दाण्यात घालत होत्या. एकाचा पाय वाकला म्हणून चुरा वाढवला, दुसऱ्याचा वाकला म्हणून आणखी वाढवला. दाण्यावर पांढरा थर दिसत होता.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या पशुवैद्य मॅडम त्या दिवशी आमच्याच बाजूच्या गावात आल्या होत्या. विनंती केली तर आल्या. वयानं तरुण, बोलायला मऊ. त्यांनी पायांकडे नंतर पाहिलं. आधी एक पिल्लू उचललं आणि अंगठा आणि बोटात धरून त्याची चोच हळूच वाकवली. चोच वाकली. रबराची असावी तशी. बाईंनी ते पाहिलं आणि हात तोंडावर नेला.

"माय वो... हड्डीच नाई का त्याईच्यात?"

"हाडं मऊ आहेत, बाई. मुडदूस म्हणतात त्याला."

"पन मी तं चुना भरपूर देल्ला जी, मॅडम."

"तेच तर झालं," मॅडम म्हणाल्या. त्या खाली बसल्या आणि त्यांनी बाईंना समजावून सांगितलं. हाड नुसत्या चुन्यानं बनत नाही. त्याच्या जोडीला फॉस्फरस लागतो, आणि दोघांचं माप जमावं लागतं. चुना फार झाला तर तो फॉस्फरसलाही अंगी लागू देत नाही, आणि पिल्लांच्या मूत्रपिंडावर बसतो तो वेगळाच. शिवाय ड जीवनसत्त्व हवं, त्यासाठी ऊन हवं, आणि पिल्लं तर आल्यापासून बंद खोलीत. दाणाही कोंबडीच्या पिल्लांचा. टर्कीच्या पिल्लाची वाढ झपाट्यानं होते, त्याला तो पुरत नाही. बाई एकेका शब्दाला मान हलवत होत्या, पण त्यांची नजर मॅडमच्या हातातल्या पिल्लावरून हलत नव्हती. मग मॅडमनी कोपऱ्यातली दोन पिल्लं पाहिली. त्यांचा एक पाय बाहेरच्या बाजूला फेकला गेला होता, सांधा सुजला होता. मॅडमनी तो सांधा चाचपून पाहिला. "ह्यांची शीर सांध्यावरून सरकली आहे. मँगनीज कमी पडलं की होतं असं. हे मात्र परत बसत नाही, बाई."

"माज्या शिंपल्यानं झालं का?"

"थोडं त्यानं, थोडं दाण्यानं. तुम्ही मुद्दाम थोडंच केलं?"

मॅडम गेल्यावर बाईंनी कुटलेल्या शिंपल्यांचा डबा उचलला, पाळीवर गेल्या, आणि तलावात रिकामा केला. पांढरा ढग पाण्यात पसरला. त्या तिथंच उभ्या राहिल्या तो विरेपर्यंत.

मूलहून टर्कीच्या पिल्लांचं खाद्य आणलं, मोजून घालायचं खनिज मिश्रण आणलं, पाण्यात टाकायचं औषध आणलं. एवढं सगळं मिळालं, पण ऊन कुठून आणणार? आभाळ दाटून होतं. बाई दर थोड्या वेळानं दारात येऊन वर पाहायच्या. ढग जरा फाटला की "निंगालं, निंगालं!" करत धावायच्या, आम्ही दोघी टोपल्यांत पिल्लं भरून अंगणात न्यायचो, आणि वर घार आहे का, कावळा आहे का म्हणून एकीनं काठी घेऊन उभं राहायचं. मग पाऊस यायचा आणि तशाच टोपल्या उचलून आत. भिजलं पिल्लू म्हणजे गेलंच. दिवसातून किती वेळा आम्ही त्या टोपल्या आतबाहेर केल्या याला गणती नाही. सकाळी उठल्याबरोबर बाई एकेकाची चोच दाबून पाहायच्या. दाबताना त्या डोळे मिटायच्या. बोटाला काय लागतं ते कळावं म्हणून मिटत असतील, की दिसू नये म्हणून, मी विचारलं नाही. एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. "मंदा, हे पाह्य तं. तुज्या हातानं पाह्य. मले माज्या हाताचा भरोसा नाई." मी दाबून पाहिलं. चोच कडक लागत होती. पुरती नाही, पण परवापेक्षा कडक. मी तसं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "खोटं तं नाई बोलून राह्यली न?"

बसलेली बरीचशी पिल्लं उभी राहिली. सरकलेल्या सांध्याची दोन मात्र उठली नाहीत. ती कापली तेव्हा बाई घरात थांबल्या नाहीत, जेवल्याही नाहीत.

आणि तरी त्या भाबड्या नव्हत्या, हे सांगायला हवं. वर्ष संपताना पक्षी चांगले मोठे झाले, मोहर्लीची गाडी आली, तेव्हा बाई म्हणाल्या मी सोबत येतो. मीही गेले. जंगलाच्या गेटजवळ उघड्या जिप्सी गाड्यांची रांग, टोप्या घातलेली, गळ्यात कॅमेरे लटकवलेली माणसं, थंडीत चहाचे कप. बाईंनी त्यातल्या कशाकडेही पाहिलं नाही. काही दिवसांनी तो खानसामा झिंगे न्यायला आला, तेव्हा त्यांनी त्याला ओसरीवर बसवलं, चहा दिला, आणि विचारलं, "पायाची हड्डी कशी होती जी?"

त्याला कळेना. "म्हणजे?"

"तोडाले कडक गेली का?"

"अरे बाप रे, बाई! सुरीनं तुटता तुटेना. कोयता आनावा लागला."

बाई उठून आत गेल्या. मला वाटलं पक्ष्यांची आठवण होऊन रडू आलं असेल. मी मागोमाग गेले तर त्या चुलीसमोर बसून हसत होत्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत हसत होत्या.

त्याच हिवाळ्यात त्यांची पाठ दुखायला लागली. चंद्रपूरला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी हाडांचा फोटो काढला आणि हाडं फार विरळ झाली आहेत, पडू नका, म्हणून बजावलं. कॅल्शियमच्या गोळ्या, ड जीवनसत्त्वाच्या पुड्या लिहून दिल्या. मी त्या नेमानं घेऊन जायची किंवा गावाकडे जाणाऱ्या कुणाजवळ तरी पाठवायची. बाई न चुकता सांगायच्या की घेतो. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पिल्लं आली. मी गेले तेव्हा पिल्लं ठणठणीत होती, कुणीही बसलेलं नव्हतं. मला बरं वाटलं. मग पाणी पिण्यासाठी मी स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर छोटा खलबत्ता होता. त्याच्या तळाशी फिकट गुलाबी भुकटी. बाजूला गोळ्यांचं पाकीट, अर्धं रिकामं.

मी खलबत्ता उचलून बाहेर आणला. "बाई, हे का होय?"

"औषध."

"कोनाचं औषध?"

"माजंच होय न. मंग मी कोनालेही देईन."

माझा आवाज चढला. त्यांच्याशी मी त्याआधी कधी वरच्या पट्टीत बोलले नव्हते. "डॉक्टरनं तुमाले देल्लं बाई, पिल्लाईले नाई! पिल्लाईचं खाद्य हाये, मिश्रन हाये, सगळं हाये. तुमची हड्डी मोडली मंग?"

त्या शांतपणे दाणा कालवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंदा, माजी हड्डी आता का वाढनार हाये? त्याईची वाढून राह्यली." आणि दाण्याचं भांडं उचलत, "मांगच्या साली ती पिल्लं बसली होती न... मले आता कोनी बसलेलं पाहावत नाई."

मी चिडून पशुवैद्य मॅडमना फोन लावला आणि तो बाईंच्या कानाला लावला. मॅडमही रागावल्या. मापात दिलेलं सगळं असताना वरून माणसाच्या गोळ्या घातल्या, तर शिंपल्यांचं झालं तेच पुन्हा होईल, असं त्यांनी सांगितलं. "तुमचं तुम्ही खा, त्यांचं त्यांना द्या." बाई "हो जी, हो जी" म्हणाल्या. शिंपल्यांचं नाव ऐकल्यावर त्यांचा चेहरा उतरला होता. खलबत्ता त्यांनी माझ्यासमोर धुतला. तेव्हापासून मी रोज संध्याकाळी फोन करून विचारायची, गोळी घेतली का. "घेतली वो," त्या म्हणायच्या, आणि लगेच, "तिकडं पाऊस हाये का? इलास गाडी हळू चालवते न?" मी त्यांची काळजी करत असे, त्या आमची. फोनच्या दोन्ही टोकांना आम्ही एकमेकींना खरं सांगत होतो की नाही, देव जाणे. गोळ्या त्या खरंच घेत होत्या की नाही, हे मला कधीही कळलं नाही, आणि आता कळणारही नाही.

या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर त्या पडल्या. पाण्यानं भरलेला पितळी गुंड घेऊन अंगणातून येत होत्या, पाय सरकला, बस. शेजारच्या नामदेवभाऊंनी गाडी करून चंद्रपूरला आणलं. ऑपरेशन चालू होतं तेव्हा मी आणि विलास बाहेर बाकावर बसलो होतो. विलास कमी बोलतात. जुन्या गोष्टी तर काढतच नाहीत. पण त्या दिवशी समोरच्या भिंतीकडे पाहत एकाएकी म्हणाले, "मले चालता नोयतं येत, तुले मालूम हाये?"

मला माहीत नव्हतं.

"लोकाईचे पोरं धावे, मी बसूनच. पाय वाकडे होते म्हनतेत. बाई मले पाळीवर न्ये. रेतीत खड्डा करे, कमरेपर्यंत उभं गाडे, न समोर बसे. उन्हात. मी रडो. थे बी रडे. पन काढे नाई बाहेर." त्यांनी स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला. "कोनी सांगतलं होतं तिले का मालूम. लहान पोट्टी होती. रोज न्ये."

मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. इतकी वर्षं संसार केला, या पायांनी ते सायकल चालवत कामावर गेले, माझ्यासोबत जंगलातून पायी चालले, आणि मला हे ठाऊक नव्हतं. बाईंनीही कधी सांगितलं नव्हतं. मग आतून नर्स आली, म्हणाली ऑपरेशन झालं, आणि आम्ही दोघं उठून उभे राहिलो.

पुढचं मी सांगितलंच आहे.

सगळे विधी आटोपून आम्ही ऊर्जानगरला परतलो. बाईंचा मोबाइल विलास रोज चार्ज करून ठेवत. का ते मी विचारलं नाही. एके दुपारी तो वाजला. आम्ही दोघंही दचकलो. मी घेतला. पिल्लं देणारा माणूस होता. "सुमित्राबाई आहेत का? पिल्लं निघाली, कधी नेता?" मी म्हटलं, त्या नाहीत. तो म्हणाला, "मग आल्या की सांगा, लवकर न्या म्हणावं, जास्त दिवस ठेवता येत नाहीत." मी हो म्हटलं.

विलास म्हणाले, "आनू."

"पाहील कोण?"

त्यांना ड्यूटी, सुटी मिळण्याजोगी नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, खिडकीतून बाहेर पाहत राहिले. मी म्हटलं, थोडे दिवस मी जाते.

ते थोडे दिवस अजून संपलेले नाहीत. हे मी बाईंच्या त्याच खोलीत बसून लिहिते आहे. बाहेर झड लागली आहे, ऊन नाही. पिल्लं आता त्याच वयाची झाली आहेत, ज्या वयात पाय वाकतात. खाद्य बरोबर आहे, मिश्रण मापानं घालते, पाण्यात औषध आहे, मॅडम येऊन पाहून गेल्या आणि सगळं ठीक आहे म्हणाल्या. तरी रोज सकाळी मी एकेक चोच दोनदा दाबून पाहते. काल एक पिल्लू चालता चालता बसलं. मी पाहत राहिले. ते बसून राहिलं, मान वळवली, पंखाखाली खाजवलं, आणि उठून गेलं. नुसतं खाजवायला बसलं होतं. मला मात्र उठायला बराच वेळ लागला. आज पुन्हा एक मागं मागं राहतंय. झोपाळू आहे, की पायांत काही आहे, ते अजून कळत नाही.

बाज मी काढून टाकली, जागा अडते म्हणून. ती हलवली तेव्हा मागची भिंत दिसली. मातीचा सारवलेला गिलावा एका ठिकाणी गुळगुळीत होऊन काळपट झाला आहे, डोक्याच्या तेलाचा डाग आहे. पाठ टेकून टेकून, डोकं टेकून टेकून पडलेला. बाई ठेंगण्या होत्या, तो डाग माझ्या मानेच्याही खाली येतो. आधी मला तिथं बसायला नको वाटलं. मी दाराशी बसून पाहिलं, खिडकीखाली बसून पाहिलं, समोरच्या भिंतीला टेकून पाहिलं. कुठंही बसलं की एखादं पिल्लू खांबाच्या आड जातं, एखादं पत्र्याच्या कडेमागं, आणि मग मी सारखी उठून मोजत बसते. शेवटी त्या डागाला पाठ टेकली. तिथून सगळी पिल्लं दिसतात.